तान्ह्या बाळाचे न थांबणारे रडणे : जिंतूरहून परदेशी नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

तान्ह्या बाळाचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपसूक ओसरते. टी. बेरी ब्राझेलटन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९६२ मध्ये आयांनी ठेवलेल्या रोजच्या नोंदींवरून हा चढउतार मांडला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे सहा आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजावेत. बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांची १९५४ सालची व्याख्या अजून सांगितली जाते : दूध नीट पिणारे, अंगाने भरणारे बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि असे तीन आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल, तर ते कोलिक. आता डॉक्टर तासांच्या हिशेबावर फारसे अडून बसत नाहीत. घरातल्यांचा धीर सुटेल इतके बाळ रडत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला तेवढे कारण पुरेसे आहे.

रडण्याची वेळ बहुधा दिवेलागणीची. बाळ लालबुंद होते, मुठी आवळते, पाय पोटाशी घेते, वारा सरतो. ते पाहून पोटच दुखत असणार असे वाटते. पण जोरात रडणारे कोणतेही बाळ पाय पोटाशी घेते, आणि रडताना गिळलेली हवाच पुढे खालून बाहेर पडते. कोलिकचे नेमके कारण अजून सापडलेले नाही. बाळंतिणीने वांगे खाल्ले, हरभऱ्याची डाळ खाल्ली म्हणून लेकरू रडते, हा ठपका तर निराधार आहे. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. जिंतूरहून फोनवर आलेल्या पथ्यांपायी परदेशातली बाळंतीण महिनोन्महिने तूप-भातावर काढते, त्यात झीज तिचीच होते. अपवाद गाईच्या दुधाच्या अॅलर्जीचा. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा आव दिसली, अंगावर खाजरे चट्टे उठले, तर डॉक्टर आईचे दूध, दही, तूप काही आठवडे बंद करून पाहतात. हा प्रयोग आपल्या मनाने करू नये.

बाळ रडू लागले की आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. भूक पहिली, या वयात बाळे संध्याकाळी पुन्हा पुन्हा अंगावर पितात, म्हणून दूध कमी पडते असा अर्थ काढण्याची घाई नको. मग ढेकर, ओले लंगोट, उकाडा. परदेशातल्या उबदार बंद घरात मराठी बाळ बहुधा गरजेपेक्षा जास्त कपड्यांत असते : झबले, स्वेटर, दुपटे आणि वर टोपडे. मानेमागे बोट लावून पाहावे. घाम लागला तर एक थर कमी करावा. घरात टोपड्याची गरज नसते.

त्यानंतर बाळाला दिव्याखाली पूर्ण उघडे करावे. हाता-पायांची बोटे एकेक करून पाहावीत, मुलगा असेल तर शिश्नही. बाळंतिणीचा गळालेला केस किंवा पायमोज्यातला सुटा धागा बोटाला गुंडाळून रुतला, तर बोट सुजून लाल-निळे होते. मनगटातला, कमरेचा काळा दोरा बाळ भरत जाते तसा आवळत जातो. केस डोळ्यांना दिसतही नाही इतका आत गेलेला असू शकतो. तो सहज निघत नसेल तर थेट रुग्णालय गाठावे.

पुढची लक्षणे दिसली तर शांतवण्याच्या खटपटीत वेळ न घालवता लगेच डॉक्टर गाठावेत : तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगलेली टाळू, दूध तोंडात न घेणे, लघवी फार कमी होणे, जांघेत टणक गाठ, श्वासाला धाप, अंग ढिले पडणे, नेहमीहून वेगळे, कण्हल्यासारखे किंवा चिरके रडणे. रडे थांबून थांबून यावे, मधल्या काळात बाळ पांढरे पडून मलूल व्हावे, हेही आतडे अडकल्याचे लक्षण असू शकते. तातडीचा क्रमांक अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, युरोपात ११२. तापमापक घरात आधीच आणून ठेवावा. हाताने कपाळ पाहून ताप ठरवण्याची सवय इथे चालत नाही, कारण फोनवरची परिचारिका पहिला प्रश्न आकड्याचाच विचारते.

यातले काहीच नसेल, तर बाळाला अंगाशी घेणे हा मुख्य उपाय. बऱ्याचदा उपयोगी पडते ती हातावर पालथे धरण्याची रीत. बाळाला आपल्या डाव्या बाहूवर पालथे घालावे, गाल कोपराच्या खोबणीत, पोट कोपर-मनगटामधल्या भागावर, पाय दोन्ही बाजूंना सोडलेले. तळव्याने मांडी धरून ठेवावी आणि उजवा हात पाठीवर. मग चालावे, गुडघ्यांत किंचित लवत. हिसके देऊ नयेत. चालताना तोंडाने सलग ‘शूऽऽ’ करावे, कारण बाळाच्या कानांना शांततेपेक्षा अखंड आवाज सोसवतो. आवाजाचे यंत्र लावायचे तर ते पाळण्यापासून सात फूट लांब आणि हलक्या आवाजात ठेवावे. दुपट्यात गुंडाळताना हात घट्ट असले तरी कंबर-पाय सैल असावेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. बाळ कुशीवर वळू पाहते तेव्हा गुंडाळणे कायमचे थांबवावे. कोमट पाण्याची आंघोळ, तेल लावून पोटावर हलका हात, अंगाई, बाबागाडीतून फेरी, यांतले आज लागू पडलेले उद्या पडेलच असे नाही. दर दोन मिनिटांनी उपाय बदलल्याने बाळ अधिकच बिथरते, म्हणून एका उपायाला निदान पाच-दहा मिनिटे द्यावीत.

पोटात द्यायच्या वस्तूंबाबत परदेशात आधी स्थिरावलेल्या कुटुंबांचा सल्ला कडक आहे आणि तो योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीही नको. सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीत वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड किती वळशांचे गेले हे ठरलेले नसते; जायफळ जास्त झाले तर बाळ गुंगते, आणि ती गुंगी आराम समजली जाते. वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास अमेरिकेत १९६८ पासून बंदी आहे. गुटीबरोबर चाटवलेला मध वर्षाखालील बाळाला बोट्युलिझमचा धोका देतो. काही पारंपरिक चूर्णे आणि बाळगोळ्यांत, तसेच विकतच्या काजळ-सुरम्यात शिसे सापडलेले आहे. म्हणून तीट लावायची असली तरी डोळ्यांत काही घालू नये. ग्राइप वॉटर इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये काढले. जुन्या मिश्रणातले मद्य आता नसते, तरी त्याने कोलिक कमी होते असा पुरावा नाही. वायूवरच्या सिमेथिकोन थेंबांचेही तसेच. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूच्या थेंबांचा अंगावर पिणाऱ्या बाळांना काहीसा उपयोग दिसला आहे. ते डॉक्टरांना विचारून द्यावेत. गुटी दिलेली असेल तर ती लपवू नये. डॉक्टर घरच्या रीतीवर न्याय करायला बसलेले नसतात, त्यांना काय पोटात गेले ते कळणे गरजेचे असते.

दृष्ट काढायला हरकत नाही. मात्र मीठ-मोहऱ्या-मिरच्या जाळल्या की छतावरचा धुराचा गजर वाजतो. ओवा-लसणाच्या सालीची धुरी बंद खोलीत बाळाच्या छातीला वाईट.

झोपवताना बाळ पाठीवर, सपाट टणक गादीवर, मोकळ्या पाळण्यात. डोके गोल व्हावे म्हणून आजीने शिवून पाठवलेली मोहरीची उशी पाळण्यात ठेवू नये. गोधडी, लोड, खेळणीही नकोत. साडीची झोळी जिंतूरच्या घरात आढ्याला बांधतात, इथल्या पोकळ छताला तो भार पेलत नाही आणि झोळीत बाळाची मान दुमडते. रडणारे बाळ गाडीच्या फेरीने झोपते खरे, पण रात्रभर जागलेल्या बापाने गाडी काढू नये. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डोळा लागणे हा या वयातला फार मोठा धोका आहे.

आता मुख्य गोष्ट. जिंतूरच्या घरात रडणाऱ्या बाळाला खरा आराम गुटीने पडत नसतो, तो हातांनी पडतो. आजीच्या खांद्यावरून काकूकडे, काकूकडून शेजारच्या मावशीकडे लेकरू फिरते आणि आईला तासभर झोप मिळते. संशोधक रोनाल्ड बार यांना कालाहारीतल्या कुंग सान समाजात असेच दिसले : तिथली बाळेही सुरुवातीच्या आठवड्यांतच जास्त रडतात, पण सतत कुणाच्या तरी अंगावर असल्याने प्रत्येक रडणे लवकर आटोपते. माँट्रियलमधल्या १९८६ च्या प्रयोगात रोज अधिक काळ उचलून घेतलेली बाळे सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. कोलिक एकदा जडल्यावर मात्र नुसत्या उचलून घेण्याने फरक पडत नाही, असे नंतर दिसले. तेव्हा हात आधीपासून हवेत, आणि परदेशात ते ठरवून जमवावे लागतात.

दोन्ही आज्या एकदमच बाळंतपणाला आल्या, तर सहाव्या आठवड्याला घर भरलेले असते, पण दोघी परतल्यावर आई एकदम एकटी पडते. एकीने प्रसूतीच्या आधी यावे, दुसरीने ती परतण्याआधी. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात घर रिकामे राहणार नाही, एवढे पाहावे. ऑस्ट्रेलियाला येणाऱ्या आजीने सामानातले डिंक, अळीव, सुंठ विमानतळावर जाहीर करावे, नाहीतर दंड होतो. आजी येऊ शकत नसेल तर फोनची वेळ ठरवून घ्यावी : न्यू जर्सीत उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा जिंतूरला पहाटेचे साडेचार झालेले असतात, लंडनच्या उन्हाळ्यातल्या सातला रात्रीचे साडेअकरा, सिडनीच्या थंडीतल्या सातला दुपारचे अडीच. रडे चालू असताना व्हिडिओ लावला तर दोन्हीकडे घालमेल वाढते. सकाळी बाळ खेळते तेव्हा दाखवावे. महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून जेवणाचे डबे आले तर संकोच न करता घ्यावेत, आणि डबा घेऊन आलेल्या काकूंना अर्धा तास बाळ धरायलाही सांगावे. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना बाळाचे रडणे दोन-तीन महिने ऐकू येईल हे आधीच सांगून ठेवणे बरे.

जिंतूर तालुक्यातल्या गावात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई (गावातली आशा स्वयंसेविका) तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. या गृहभेटींमागे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे गडचिरोलीतले काम आहे. परदेशातही अशी माणसे आहेत, फक्त नावे वेगळी. ब्रिटनमध्ये हेल्थ व्हिजिटर घरी येते आणि १११ वर सल्ला मिळतो; क्राय-सिस ही संस्था रडणाऱ्या बाळांच्या आईबापांसाठीच आहे. जर्मनीत हेबामे, म्हणजे सुईण, प्रसूतीनंतर बारा आठवड्यांपर्यंत विम्यातून घरी येते, शिवाय रडणाऱ्या बाळांसाठी वेगळे दवाखाने आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये ट्रेसिलियन ही संस्था, कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत ८११ हा सल्ल्याचा क्रमांक. अमेरिकेत घरभेट सहसा नसते. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याचा रात्रीचा क्रमांक जवळ ठेवावा आणि नोकरीच्या विम्यात बाळाचे नाव ३० दिवसांच्या आत घालावे.

रडे ऐकून हात थरथरू लागले, राग डोक्यात गेला, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून दुसऱ्या खोलीत जावे, दार लोटावे, पाच-दहा मिनिटांनी परत पाहावे. तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र काही सेकंदांत मेंदूत रक्तस्राव होतो, दृष्टी जाते, जीवही जातो. हे घरातल्या प्रत्येकाला, बाळ सांभाळायला येणाऱ्या बाईलाही, स्पष्ट शब्दांत सांगावे. आईला दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, बाळ झोपले तरी झोप लागत नसेल, तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते. बापांनाही ते होते. अमेरिकेत यासाठी १-८३३-८५२-६२६२ हा क्रमांक दिवसरात्र चालतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर तातडीचा क्रमांक लावावा.

चार महिने उलटूनही रडे तसेच राहिले, किंवा आधी शांत असलेले बाळ तिसऱ्या महिन्यानंतर नव्याने रडू लागले, तर ते कोलिक मानू नये. वजनाची नोंदवही घेऊन डॉक्टरांकडून पुन्हा पूर्ण तपासणी करून घ्यावी.