कपाटाची किल्ली आणि किशोर वाचक

मध्य रेल्वेच्या चाळीसगाव-जळगाव मार्गावरील पाचोरा हे तालुक्याचे गाव परिसरातील खेड्यांचे शिक्षणकेंद्रही आहे. शाळेच्या वेळी एस. टी. गाड्यांतून दप्तरे सावरीत उतरणारी मुले-मुली हे येथील नित्याचे दृश्य होय. यांपैकी पुष्कळांच्या घरी क्रमिक पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नसते. शहरातील मुलाला पुस्तकांचे दुकान असते, काकांचा संग्रह असतो, गल्लीत एखादे वाचनालय असते. खेड्यातून येणाऱ्या नववीतील मुलीला मात्र शाळेचे ग्रंथालय हेच पहिले आणि बहुधा एकमेव ग्रंथालय. ते तिच्यासाठी उघडे आहे की नाही, या प्रश्नाला म्हणूनच महत्त्व आहे.

अनेक माध्यमिक शाळांत ग्रंथालय म्हणजे कार्यालयाच्या भिंतीलगतची चार-दोन कपाटे असतात आणि त्यांना कुलूप असते. पूर्णवेळ ग्रंथपालाचे पद मोठ्या पटसंख्येच्या शाळांनाच लाभते. इतरत्र हे काम एखाद्या शिक्षकाकडे अध्यापन सांभाळून सोपविलेले असते. दाखलनोंद वहीवर चढलेले प्रत्येक पुस्तक तपासणीच्या वेळी जागेवर दिसले पाहिजे, न दिसल्यास भरपाई आपल्यावर येईल, ही धास्ती त्या शिक्षकाच्या मनात असते. पुस्तक दिले तर हरवेल, न दिले तर हरवणार नाही, असा हा साधा हिशेब आहे. त्याबद्दल शिक्षकांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

वस्तुतः ग्रंथ हाताळले गेले की थोडे गहाळ होणारच, हे शासकीय नियमांनीही मान्य केले आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार, वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी समजता येते. तीमागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा, एवढी अट आहे. मौल्यवान व दुर्मीळ ग्रंथांसाठी वेगळी तरतूद आहे. हे नियम केंद्रीय कार्यालयांचे असले, तरी त्यांमागील दृष्टी शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी ध्यानी घेण्याजोगी आहे. समितीने वर्षारंभी ठराव करून अशी मर्यादा ठरवून दिली, तर ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकाचे निम्मे ओझे उतरेल. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र ग्रंथांच्या उपयोगाविषयीचे आहे. जतनाचा विचार त्यांनी त्यानंतरचा मानला.

खानदेशात या विषयाला एक उज्ज्वल परंपरा आहे. अमळनेर येथील खानदेश शिक्षण संस्थेच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. तेथील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. दररोज स्वहस्ते लिहिलेला मजकूर मुलांसमोर ठेवण्याचे हे श्रम आजच्या छपाईच्या युगात कल्पनेपलीकडचे वाटतात. त्यांत एक मर्म आहे. मुले पुस्तकाकडे येतील याची वाट पाहत न बसता गुरुजींनी वाचन मुलांच्या वाटेवर नेऊन ठेवले. शाळेतील फलकावर एखाद्या नव्या पुस्तकाविषयी चार ओळी, त्याही ते वाचलेल्या विद्यार्थ्यानेच लिहिलेल्या, एवढ्यावरूनही हे काम सुरू करता येते. त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

पुस्तकांची निवड हा भाग अधिक नाजूक आहे. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाला बालकथा बालिश वाटतात आणि प्रौढ ग्रंथ जड जातात. उपदेशपर चरित्रमाला त्याला पहिल्याच पानावर ओळखू येतात. त्याला साहस हवे असते, विज्ञानातील नवल हवे असते आणि आपल्यासारख्या माणसांची गोष्ट हवी असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, बालभारतीचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक ही या दृष्टीने परिचित नावे. पाचोऱ्यासारख्या कापूसपट्ट्यात वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) या चरित्राची आवर्जून शिफारस करावीशी वाटते. गुलामीत जन्मलेला कार्व्हर पुढे टस्कीगी येथे कृषिसंशोधक झाला. सततच्या कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमुगासारखी पिके आलटून-पालटून घेण्यास त्याने शेतकऱ्यांना शिकविले. हा विषय या भागातील मुलांना परका नाही. त्यांच्या घरी रात्रीच्या जेवणाच्या वेळी हीच बोलणी चालतात.

भाषेचा अडसरही विचारात घ्यावा लागतो. घरात अहिराणी किंवा तावडी बोलणाऱ्या मुलाला ग्रांथिक मराठी ही काहीशी दुसरीच भाषा वाटते आणि मोठ्याने वाचताना तो संकोचतो. अशा वेळी जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी मदतीला येतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, त्यांच्या कविता ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्या ज्या बोलीत आहेत ती ऐकून खानदेशातील मूल दचकत नाही, उलट शिक्षकाचाच एखादा उच्चार सुधारते. ग्रंथालयाच्या तासाची सुरुवात अशा वाचनाने झाली, तर छापलेले पुस्तक आपले असू शकते ही जाणीव सहज होते. तेथून अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ फार दूर नाहीत.

आता वेळेविषयी. शाळा सुटल्यावर ग्रंथालय उघडे ठेवण्याची सूचना कागदावर चांगली दिसते. प्रत्यक्षात खेड्यावरील मुलांना एस. टी. गाठायची असते, आणि मुलींच्या बाबतीत गाडी चुकणे हे शाळा बंद होण्याचेही निमित्त ठरू शकते. म्हणून देवघेव मधल्या सुट्टीतच व्हावी. प्रत्येक वर्गासाठी तीस-चाळीस पुस्तकांची पेटी करून तिची नोंदवही दोन विद्यार्थ्यांकडे सोपविली, तर एका शिक्षकावर भार पडत नाही. पेट्या दर महिन्यास वर्गावर्गांतून फिरवाव्यात. पुस्तक मुलाने स्वतः निवडावे. चार पाने वाचून परत केले तरी कारण विचारू नये.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. त्या दिवशी पुस्तके टेबलावर मांडली जातात, त्यांना फुले वाहिली जातात आणि काही ठिकाणी ती सायंकाळी पुन्हा कपाटात जातात. दिवाळीची सुट्टी त्यानंतर लवकरच येते. हाच काळ कापूस वेचणीचा असल्याने अनेक मुले सुट्टीत शेतावर असतात. त्या १५ ऑक्टोबरलाच प्रत्येकास दोन पुस्तके सुट्टीसाठी घरी द्यावीत. ती परत येतील तेव्हा काहींच्या पुठ्ठ्याला काळी माती लागलेली असेल. नोंदवहीतील शेऱ्याच्या रकान्यात तिची नोंद करण्याचे कारण नाही.