आधी झुरळं, मग गेको

मनू, परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "ताई, गेको कधी आणू?" तो खाणार काय, हे मात्र एकदाही विचारलं नाहीस. म्हणून आज निवांत लिहायला बसले.

लेपर्ड गेको म्हणजे पालीचाच एक प्रकार, नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो. तुझं कॉलेज, नोकरी, पुढचं सगळं त्याच्यासोबत होणार. मोठ्या गेकोला दर दोन-तीन दिवसांनी पाच-सात जिवंत किडे लागतात, आणि पोफळीत ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. म्हणून माझं ऐक, सहा महिने नुसती झुरळं पाळ. ती तुझ्या हाताखाली जगली, वाढली, की मग गेकोचं बोलू.

मोरीतलं झुरळ पकडून घालायचं नाही. त्यानं कुणाच्या घरातलं विषारी जेल खाल्लंय, ते कळायला मार्ग नाही. खताच्या ढिगाखाली सापडतं ते चकचकीत सुरिनाम झुरळही नको. नाव दूरच्या देशाचं असलं तरी त्याचं मूळ आपल्या आशियातलंच. नराशिवाय माद्यांवरच त्यांची पैदास चालते, त्यामुळे एक सुटली तरी पुरते. शिवाय कोंबड्यांच्या डोळ्यांत होणारा जंत त्यांच्या पोटात वाढतो.

तू डुबिया जातीची झुरळं घे. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, पण परदेशातून मागवायची नाही. जिवंत किडे परवान्याशिवाय आणता येत नाहीत. इथेच पैदास करणाऱ्या माणसाकडून घे. डुबियाला काचेवर किंवा गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, हा तिचा मोठा गुण. लॉबस्टर झुरळ काचेवर सरसर चढतं, ते कुणी फुकट दिलं तरी नको म्हण. रेड रनर झुरळं भराभर वाढतात, पण अंड्यांचे कोश टाकत फिरतात. एखादा कोश केरातून बाहेर गेला तर? आपल्याकडचा दमट उन्हाळा आणि पाठीला सह्याद्रीचं जंगल आहे, मनू. इथे परका किडा सुटू द्यायचा नाही, याबाबतीत मी तुला अजिबात सूट देणार नाही.

२० माद्या आणि पाच-सहा नर घे. नराचे पंख पूर्ण पोट झाकण्याएवढे लांब असतात, मादीचे नुसते खुंट. उंच, गुळगुळीत डबा आण आणि त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लाव, म्हणजे घाण खाली पडते. झाकणाला मोठी खिडकी कापून स्टीलची बारीक जाळी बसव. पहिल्या पावसाळ्यात ओल आत जाईल म्हणून मी झाकण घट्ट लावलं. आठ दिवसांनी उघडलं तर अमोनियाचा भपकारा, पुठ्ठ्यांवर हिरवी बुरशी, आणि निम्मी झुरळं उताणी पडलेली. मी तिथेच रडले होते. पावसाळ्यात वारा खेळता ठेव, ओला पाला रात्री घातलास तर सकाळी उरलेला काढ. मुंग्यांसाठी आजी फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, तसाच डबा ठेव.

२८ ते ३२ अंशांत त्यांची पैदास चांगली होते, त्यामुळे वर्षातले बरेच महिने तुला वेगळी ऊब द्यावी लागणार नाही. पिल्लू मोठं व्हायला चार ते सहा महिने लागतात. तोवर एकही खायला घालायचं नाही, नाहीतर मूळ भांडवलच संपेल. एखाद्या रात्री टॉर्च घेऊन बघ. नुकती कात टाकलेली डुबिया दुधासारखी पांढरी असते, डोळे तेवढे काळे, आणि काही तासांत तपकिरी होते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा रोगट समजून बाजूला काढली होती.

गाजर, भोपळ्याची साल, शेवग्याचा पाला धुऊन घाल. झुरळ जे खातं तेच गेकोच्या पोटात जातं. पण झुरळात मुळात कॅल्शियम कमी, म्हणून देताना कॅल्शियमची पूड चोळायची. नाहीतर गेकोचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. आणि किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा.

साफसफाई तोंडाला फडकं बांधून, गच्चीत. डब्यातल्या धुळीनं दमा उठतो, आईच्या खोलीजवळ डबा नकोच. काढलेली घाण आणि जास्तीची झुरळं दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायची, मगच खतात. त्यासाठी झाकणाचा वेगळा डबा कर आणि आईला आधी सांग.

गेको घेताना विकणाऱ्याकडून कागद माग. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या विदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. तुझा प्राणी त्यात येतो का, हे वनविभागात विचारून घे. घोरपड, तारा कासव यांचा तर विचारही नको. आणि पावसात अंगणात येणारा बेडूकही पाळायला घेऊ नकोस. कुंभार्ली घाटाच्या वर एक टोड आहे, १९६३ साली शास्त्रज्ञांनी त्याला कोयनेचं नाव दिलं. जगात दुसरीकडे कुठे नाही, सह्याद्रीच्या एवढ्याशा पट्ट्यात आहे, तोही धोक्यात. त्याला डोळे भरून बघ आणि तिथेच राहू दे.

शनिवारी मी येतेय. माझ्याकडच्या २० माद्या आणि सहा नर घेऊन येते. तू तेवढे अंड्यांचे ट्रे जमवून ठेव.