शिस्त : शिक्षेविना

शाळेची भीती मनात बसलेले मूल प्रथम प्रश्न विचारणे सोडते आणि पुष्कळदा पुढे शाळाही सोडते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. परंतु छडी खाली ठेवल्याने शिस्त आपोआप येत नाही. ती लावावी लागते.

१९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. मुलाला दोष देण्यापूर्वी आपली पद्धत बदलावी, हे तत्त्व प्राथमिक वर्गालाही लागू पडते.

वर्गाचे चार-पाच नियम मुलांशी बोलून ठरवावेत. ‘पळू नका’ऐवजी ‘सावकाश चाला’ असे सांगावे. नुसते ‘शाबास’ न म्हणता ‘तू मित्राला पेन्सिल दिलीस, हे चांगले केलेस’ असे म्हणावे. दंगेखोर मुलाची भूक, आजार, घरची अडचण यांची आधी चौकशी करावी. मग त्याच्याकडे रोपांना पाणी घालण्यासारखे जबाबदारीचे काम सोपवावे. पालकांनाही केवळ तक्रारीसाठी नव्हे, तर मुलाचे कौतुक ऐकण्यासाठी शाळेत बोलवावे.