मॉलच्या कार्डाची उधारी नेमकी कुणाची?

प्रश्न : आम्ही खडवलीला राहतो. दिवाळीच्या खरेदीला ठाण्याच्या मॉलमध्ये गेलो होतो. बिलाच्या रांगेत एका मुलीने ‘आमच्या दुकानाचं क्रेडिट कार्ड घ्या, आजच्या बिलावर सूट मिळेल’ असं सांगून मिस्टरांचा मोबाइल नंबर आणि पॅन लिहून घेतला. ते उल्हासनगरला नोकरीला आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. आमचा किराणा गावातल्या वाण्याकडे वहीवर चालतो, तो व्याज लावत नाही. मॉलचं कार्ड म्हणजे तशीच उधारी का? आणि ते घ्यावं का?
– एक वाचक, खडवली

उत्तर : तशीच उधारी नाही. वाणी स्वतःचे पैसे अडकवून तुमच्यासाठी थांबतो. मॉलमधलं दुकान थांबत नाही. भारतात क्रेडिट कार्ड देण्याचा अधिकार बँकांना आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या वित्तसंस्थांनाच आहे. कार्डावर दुकानाचं नाव ठळक असलं, तरी दुकानाचे पैसे बँक चुकते करते आणि तुम्ही देणेकरी होता ते बँकेचे. शॉपर्स स्टॉपचं कार्ड आधी सिटीबँकेबरोबर होतं, नंतर एचडीएफसी बँकेबरोबर आलं. रिलायन्स रिटेलचं कार्ड एसबीआय कार्ड ही कंपनी देते.

मग सूट कोण सोसतं? काही भाग दुकान सोसतं, कारण कार्ड खिशात असलेला गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येतो. बाकीचा भाग बँक सोसते. प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून तिला शुल्क मिळतं आणि वेळेवर बिल न भरणाऱ्यांकडून व्याज. ते व्याज बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. वर १८ टक्के जीएसटी. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे ती मर्यादा आता उरलेली नाही.

कार्ड परवडतं की नाही, हे काउंटरवरच्या त्या दिवशीच्या सुटीवरून ठरवू नका. गेल्या वर्षीच्या पावत्या काढा आणि त्या एका दुकानात तुमचे किती रुपये गेले ते बघा.

समजा, वर्षातून चार वेळा गेलात आणि दर खेपेला ६,००० रुपयांचे कपडे घेतले. एकूण २४,००० झाले. कार्डाने पाच टक्के परत दिले असं धरलं, तर १,२०० रुपये सुटले. आता फी वजा करा. रिलायन्स एसबीआय कार्ड २०२३च्या ऑक्टोबरात आलं, तेव्हा त्याच्या साध्या प्रकाराची वार्षिक फी ४९९ रुपये होती. जीएसटी धरून ती ५८९ होते. म्हणजे हाती उरले ६११. आता एका खेपेचे ६,००० वेळेवर भरले गेले नाहीत असं धरा. पावणेचार टक्क्यांनी महिन्याचं व्याज २२५, त्यावर जीएसटी सुमारे ४०. तीन महिने रेंगाळले की ७९५ रुपये गेले. वर्षभराची बचत संपली आणि वर पदरचे घालावे लागले. उशिराचा दंड तर यात धरलेलाच नाही.

बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते. ती भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. उलट मागची बाकी राहिली, की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. म्हणून पहिली अट एकच : दर महिन्याचं बिल पूर्ण भरण्याची सवय आणि ऐपत हवी. ती नसेल, तर कुठल्याही सुटीचं कार्ड महागच पडतं.

दुसरी गोष्ट तुमच्या गावाची. असं कार्ड फायद्याचं ठरतं ते दुकान रोजच्या वाटेवर असणाऱ्याला. खडवलीहून कसारा लाइनची गाडी धरून टिटवाळा, आंबिवली, शहाड करत कल्याण गाठायचं आणि तिथून पुढे ठाणे. हे सणासुदीलाच जमतं. ‘वर्षात एक लाख खर्च करा, फी माफ’ अशा अटीमागे धावलात, तर फी वाचवायला नको असलेल्या वस्तू घरात येतील.

तिसरं म्हणजे, दुकानाचं नशीब कार्डाला चिकटलेलं असतं. बिग बझारच्या कपड्यांवर वर्षभर दहा टक्के सूट देणारं ‘एफबीबी स्टाइलअप’ हे कार्ड एसबीआय कार्डने काढलं होतं. २०२२ साली फ्यूचर समूहाची दुकानं बंद पडत गेली आणि ज्या सुटीसाठी लोकांनी कार्ड घेतलं, ती वापरायला जागाच राहिली नाही.

क्रेडिट कार्ड आणि सदस्यत्व यांतही गल्लत करू नका. बऱ्याच दुकानांत मोबाइल नंबरावर पॉइंट जमतात. त्यासाठी उधारी लागत नाही. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाला तेवढं पुरे. मिस्टरांना कार्ड हवंच असेल, तर एका दुकानाला न बांधलेलं, फी नसलेलं रूपे कार्ड बघा. सप्टेंबर २०२२पासून ते यूपीआयला जोडून क्यूआरवर चालतं. मात्र वाण्याचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा, खासगी खात्यावर ते चालत नाही. त्याच कार्डावर तुमच्या नावाचं जोडकार्ड मिळू शकतं, पण बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची राहते. घरकर्ज काढायचा विचार असेल, तर ठिकठिकाणी अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलमध्ये नोंदली जाते.

आता दिलेल्या नंबराचं काय? अर्जाला संमती दिली नसेल आणि तरी कार्ड आलं, तर ते बेकायदा आहे. त्यावर आकारणी झाली, तर ती परत करून दुप्पट रक्कम दंड म्हणून द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम आहे. संमती दिली असेल, तर कार्ड चालू करू नका. ३० दिवस ते चालू झालं नाही, तर बँकेला ओटीपीने पुन्हा संमती मागावी लागते. ती देऊ नका, खातं विनाशुल्क बंद होतं. चालू करून बसलाच असाल, तर बाकी भरून लेखी विनंती करा. सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद झालं नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. तक्रार करूनही ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.