खर्च कोणी द्यायचा?

मुलांनो, वर्गात कोणी शाई सांडली, तर फरशी कोणी पुसायची? ज्याने सांडली, त्याने. हा नियम तुम्हांला अगदी साधा वाटेल. पण शाईऐवजी जमिनीत विष सांडले तर?

अमेरिकेत नायगारा फॉल्स नावाचे शहर आहे. तेथे 'लव्ह कॅनॉल' हा अर्धवट खोदलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात हूकर नावाच्या कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन टाकाऊ रसायने पुरली. वर माती टाकली. १९५३ मध्ये तिने ही जमीन शाळा मंडळाला फक्त एका डॉलरला विकली. जमिनीत रसायने आहेत, असे खरेदीखतात लिहिले होते. तरीही तेथे शाळा झाली. शेजारी घरे झाली.

पुढे पावसाचे पाणी मुरले आणि रसायने वर आली. अंगणांत, तळघरांत उग्र वास येऊ लागला. लुईस गिब्ज या गृहिणीचा मुलगा त्याच शाळेत जात होता. तो सारखा आजारी पडे. तिने घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या. अखेर १९७८ मध्ये शाळा बंद झाली. लोकांना घरे सोडावी लागली.

आता सफाईचा खर्च कोणी द्यायचा? १९८० मध्ये अमेरिकेत त्यासाठी कायदा झाला. ज्याने जमीन दूषित केली, त्यानेच खर्च द्यायचा. तो सापडला नाही, तर एका निधीतून खर्च करायचा. हा निधी तेल व रसायन कंपन्यांवरील करातून जमत असे. १९९५ मध्ये हूकरच्या मालक कंपनीने सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे कबूल केले. एका डॉलरला विकलेल्या जमिनीची ही खरी किंमत!

त्याच वर्षी त्या कराची मुदत संपली. मग सफाईचा भार सामान्य करदात्यांवर पडू लागला. रसायनांवरील कर २०२१ च्या आणि तेलावरील कर २०२२ च्या कायद्याने पुन्हा सुरू झाला. बंद कारखान्यांच्या जागांसाठी २००२ मध्ये वेगळा कायदा झाला. त्यातून गावांना माती तपासायला आणि साफ करायला अनुदान मिळते. मग तेथे बागा, घरे, दुकाने उभी राहतात.

आपल्या देशातही हा नियम आहे. राजस्थानातील बिछडी गावात रसायन कारखान्यांनी जमीन आणि विहिरी खराब केल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सफाईचा खर्च कारखान्यांनीच द्यावा. पण पैसे भरण्यास टाळाटाळ झाली. २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह रक्कम भरण्याचा हुकूम द्यावा लागला.

मुलांनो, नियम कागदावर असून भागत नाही. लुईससारखे कोणीतरी दारोदार जावे लागते.

शब्दार्थ
दूषित – खराब झालेले
खरेदीखत – विक्रीचा कायदेशीर कागद
निधी – एखाद्या कामासाठी जमवलेला पैसा
अनुदान – सरकारकडून मिळणारी मदत

स्वाध्याय
१. शाळा मंडळाला जमीन किती किमतीला मिळाली?
२. लुईस गिब्ज यांनी काय केले?
३. दूषित करणारा सापडला नाही, तर खर्च कोठून होतो?
४. तुमच्या गावात किंवा वस्तीत अशी पडीक जागा आहे का? ती साफ करण्याचा खर्च कोणी द्यावा, असे तुम्हांला वाटते? पाच वाक्ये लिहा.