कलाशिक्षण आणि परदेशी विद्यार्थी : शांतिनिकेतनचा आंतरविद्याशाखीय वस्तुपाठ

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• बहुविद्याशाखीय व आंतरविद्याशाखीय या संकल्पनांतील भेद स्पष्ट करता येईल.
• परदेशी विद्यार्थी एखाद्या कलासंस्थेकडे का आकृष्ट होतो, याचे विवेचन करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थिमित्रहो, चित्रकला, इतिहास आणि भाषा हे विषय एका वेळापत्रकात शेजारी मांडले, की अभ्यासक्रम बहुविद्याशाखीय होतो. एकाच कलाकृतीविषयीचा प्रश्न सोडवताना या विद्याशाखांना परस्परांची गरज भासू लागली, तरच तो आंतरविद्याशाखीय ठरतो.

विवेचन
रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू केले. नंदलाल बोस यांच्या नेतृत्वाखाली तेथे भित्तिचित्रण व हस्तकला यांना चित्रकलेइतकाच मान मिळाला. स्टेला क्रामरिश यांनी तेथे कलेतिहास शिकवला. १९३७ मध्ये त्याच परिसरात चीनाभवन उघडले. त्यामुळे बौद्ध चित्रांच्या अभ्यासकाला बौद्ध ग्रंथांचा जाणकार हाकेच्या अंतरावर लाभला.

१९४० च्या दशकात थायलंडचे फुआ हरिफितक येथे शिकण्यास आले. पुढे मायदेशातील मंदिरांच्या भित्तिचित्रांच्या जतनासाठी त्यांना १९८३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कार्याचे सर्व श्रेय शांतिनिकेतनला देणे उचित नव्हे. तथापि, भित्तिचित्राच्या जतनाला रंगद्रव्ये, धर्मकथा आणि इतिहास या तिहींचे ज्ञान लागते, हे लक्षात घ्या. अशा गरजेला उत्तर देणारी संस्था दूरच्या विद्यार्थ्यालाही जवळची वाटते.

येथे भाषेचा प्रश्न निर्णायक ठरतो. कलाभवनात शिकवली जाणारी बंगाली ‘अल्पना’ आणि आपली ‘रांगोळी’ या दोन्ही शब्दांसाठी ‘जमिनीवरील नक्षी’ असा एकच प्रतिशब्द योजला, तर काय होईल? अल्पना तांदळाच्या ओल्या पिठाने बोटांनी रेखतात. रांगोळी कोरड्या भुकटीची, चिमटीतून सोडलेली. प्रतिशब्दात द्रव्य हरवते, हाताची हालचाल हरवते. म्हणून परदेशी विद्यार्थ्याला केवळ दुभाषी पुरवणे पुरेसे नाही. कलेची परिभाषा शिकवणे हा कलाशिक्षणाचाच भाग आहे. त्याविना तो पाहुणा राहतो, अभ्यासक होत नाही.

सारांश
शिष्यवृत्ती आणि वसतिगृह विद्यार्थ्याला संस्थेच्या दारापर्यंत आणतात. त्याला थांबवून ठेवते ते अन्यत्र एकत्र न मिळणारे ज्ञान.

स्वाध्याय
१. ‘अल्पना’ व ‘रांगोळी’ यांच्या आधारे कलाशिक्षणातील भाषेचे स्थान विशद करा.
२. पिंगुळीची चित्रकथी परदेशी विद्यार्थ्यांना शिकवायची असल्यास कोणत्या विद्याशाखा एकत्र आणाव्या लागतील? सकारण लिहा.