ट्रॅक्टरची अशक्त बॅटरी : परीक्षा, चार्जिंग आणि पुनरुज्जीवन

जयपूर शहराच्या वायव्य अंगास असलेला झोटवाडा हा भाग औद्योगिक वसाहत आणि दाट लोकवस्ती यांसाठी ओळखला जातो. परंतु येथूनच कालवाड आणि पुढे जोबनेरकडे जाणारा रस्ता निघतो, आणि तो शेतीच्या मुलखातून जातो. त्यामुळे कारखान्यांच्या या वसाहतीस ट्रॅक्टरचा शेजार लाभला आहे. गहू, जव आणि मोहरी यांची मळणी उरकली, की ट्रॅक्टरला फारसे काम उरत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडखाली उभा राहतो. जूनअखेरीस किंवा जुलैच्या प्रारंभी पहिला चांगला पाऊस होतो. बाजरीची पेरणी त्याच ओलीवर साधावयाची असते, आणि वाळूसर जमिनीतील ती ओल फार दिवस थांबत नाही. नेमक्या अशा सकाळी किल्ली फिरवावी आणि सेल्फने एकदा 'टक्' असा आवाज करून गप्प बसावे, यासारखी अडचण नाही.

अशा वेळी शेतकरी बहुधा दोन गोष्टींपैकी एक करतो. उधारीवर नवी बॅटरी घेतो, किंवा जुनी बॅटरी दुकानात नेऊन 'तासाभरात चार्ज करून द्या' असा आग्रह धरतो. पहिल्या उपायात पुष्कळदा अनावश्यक खर्च होतो आणि दुसऱ्यात बॅटरीचे उरलेले आयुष्य संपते. अकोला, जळगाव किंवा मराठवाड्यातील वाचकांस हे चित्र परके वाटू नये. उन्हाळा तेथेही तसाच आणि मृगाची घाईही तशीच. अशक्त बॅटरी आणि मृत बॅटरी यांतील भेद ओळखता आला, तर हा खर्च टाळता येतो किंवा निदान योग्य वेळी करता येतो. तो भेद ओळखण्यास लागणारी साधने स्वस्त आहेत : एक मल्टिमीटर आणि एक हायड्रोमीटर.

शिसे व आम्लावर चालणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली, आणि तिचे मूळ तत्त्व आजही बदललेले नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या प्लेटा सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. वीज खर्च होते तेव्हा आम्लातील गंधकाचा अंश प्लेटांवर लेड सल्फेटच्या रूपाने बसतो आणि द्रावण पातळ होते. चार्जिंग करताना तो पुन्हा द्रावणात परततो. बॅटरी न वापरता ठेवली तरी ही क्रिया आतल्या आत मंदपणे चालूच राहते, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की तिचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. मे महिन्यातील पत्र्याची शेड म्हणूनच बॅटरीला मानवत नाही. प्लेटांवरील सल्फेट आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि ते सहजासहजी विरघळत नाहीत. व्यवहारात ज्या बॅटरीला 'बसलेली' म्हणतात, ती पुष्कळदा याच अवस्थेतील असते.

परीक्षेचा क्रम

प्रथम डोळ्यांनी पाहावे. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर साचला आहे काय, क्लॅम्प सैल आहे काय, कवचास तडा गेला आहे काय, प्लेटा द्रावणाबाहेर उघड्या पडल्या आहेत काय, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. दोष केवळ टर्मिनलच्या थराचा असेल, तर गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि तारेचा ब्रश एवढ्यावर काम भागते. मात्र झाकणे घट्ट लावूनच हे करावे, कारण सोडा सेलमध्ये गेल्यास आतील आम्ल निष्प्रभ होते.

त्यानंतर व्होल्टेज. बॅटरी काही तास विश्रांतीत असली पाहिजे. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचे १३ व्होल्ट म्हणजे खात्यात जमा दिसणारा, पण अद्याप न वटलेला धनादेश होय. विश्रांतीनंतर सुमारे १२.५ व्होल्ट दिसल्यास बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी आणि ११.८ च्या खाली रिकामी समजावी. बॅटरी चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकून राहत असेल, तर सहापैकी एक सेल निकामी झाल्याचा दाट संशय घ्यावा. प्रत्येक सेलचा वाटा साधारण २ व्होल्टचा असतो.

व्होल्टेज संपूर्ण बॅटरीचे सांगते, तर हायड्रोमीटर प्रत्येक सेलचे स्वतंत्रपणे सांगतो. द्रावणाची विशिष्ट घनता, ज्याला दुकानात 'ग्रॅव्हिटी' म्हणतात, ती भरलेल्या बॅटरीत २७ अंश सेल्सिअसला साधारण १.२४० ते १.२६० असते, १.१८० च्या सुमारास बॅटरी अर्धी आणि १.१२० च्या सुमारास रिकामी असते. येथे तापमानाचा हिशेब विसरू नये. २७ अंशांच्या वर प्रत्येक अंशास ०.०००७ मिळवावे लागतात आणि खाली तेवढेच वजा करावे लागतात. द्रावण ४२ अंशांवर असताना वाचलेले १.२१० हे वस्तुतः सुमारे १.२२० असते, तर जानेवारीतील पहाटे १२ अंशांवर वाचलेले तेच १.२१० सुमारे १.२०० भरते. तसेच नुकतेच पाणी घातलेल्या सेलचे वाचन घेऊ नये. पाणी वरच तरंगते आणि चार्जिंग होऊन ते मिसळेपर्यंत वाचन खोटे येते.

उदाहरणादाखल, सहा सेलची वाचने क्रमाने १.१६०, १.१५५, १.१६०, १.१६०, १.१५५, १.१६० अशी आली, तर बॅटरी उपाशी आहे, आजारी नाही. तिला चार्जिंग हवे. परंतु पाच सेल १.२१० वर आणि चौथा सेल १.१४० वर असेल, तर सरासरी अधिक चांगली दिसूनही ही बॅटरी पहिलीपेक्षा वाईट होय. सेलमधील फरक ०.०५० हून अधिक असणे हे दोषाचे लक्षण आहे. पूर्ण चार्जिंगनंतरही तो फरक टिकला, तर त्या सेलसाठी अधिक खर्च करू नये.

शेवटची परीक्षा भाराची. दुकानातील लोड टेस्टर नसल्यास ट्रॅक्टरचा सेल्फच हे काम करतो. इंजिन बंद करण्याचा खटका ओढून ठेवावा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मग सेल्फ दहा-पंधरा सेकंद फिरवून बॅटरीच्या टर्मिनलवरील व्होल्टेज पाहावे. भरलेली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर ती अशक्त होय. बॅटरीचे धन टोक आणि सेल्फचे टोक यांच्यामध्ये त्याच वेळी अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अपराधी केबल आहे, बॅटरी नव्हे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. अन्यथा नवी बॅटरीही महिन्याभरात जुन्या बॅटरीच्या वाटेने जाईल.

चार्जिंग

बॅटरी काढताना ऋण टर्मिनल प्रथम सोडावे आणि बसविताना ते शेवटी जोडावे. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे आणि उरलेले चार्जिंग संपल्यावर घालावे. बोअरचे पाणी कटाक्षाने टाळावे. झोटवाडा परिसरात भूजलाचा अतिउपसा झालेला आहे, आणि खोल बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटांचे आयुष्य घटवितात.

चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या ५ ते १० टक्के ठेवावा. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ४ ते ८ अँपिअर पुरतात. अर्धी रिकामी झालेली अशी बॅटरी भरण्यास, तूट धरून, सुमारे ४८ अँपिअर-तास द्यावे लागतात. म्हणजे ४ अँपिअरने १२ तास. तासाभराचे 'फास्ट चार्जिंग' ही तूट भरून काढू शकत नाही. ते प्लेटा तापविते आणि त्यांवरील लेप सैल करते. द्रावणाचे तापमान ५० अंशांकडे जाऊ लागताच प्रवाह कमी करावा किंवा थांबवावा. जयपूरच्या मे महिन्यात दुपारची हवाच ४० अंशांवर असते. त्यामुळे तेथे चार्जिंगची खरी वेळ रात्रीची. ताशी एक याप्रमाणे घेतलेली तीन लागोपाठची वाचने, व्होल्टेजची आणि घनतेची, सारखी आली म्हणजे बॅटरी भरली. या वेळी बाहेर पडणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. खोली हवेशीर असावी, विडी-सिगारेट दूर असावी आणि चिमटे लावताना वा काढताना चार्जर बंद असावा.

पुनरुज्जीवन आणि त्याच्या मर्यादा

सल्फेट चढलेली बॅटरी चार्जरला लावताच व्होल्टेज झपाट्याने वर जाते आणि ती प्रवाह घेईनाशी होते. तिला क्षमतेच्या २-३ टक्के, म्हणजे ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस सुमारे २ अँपिअर, इतका मंद प्रवाह दोन-तीन दिवस द्यावा, तापमानावर लक्ष ठेवावे आणि घनता लिहून ठेवावी. घनता सावकाश चढत राहिली तर आशा आहे. तीन दिवसांनंतरही ती १.२०० च्या खालीच घुटमळत असेल, तर प्रयत्न थांबवावा.

पुष्कळ ठिकाणी मात्र घनता चढविण्यासाठी सेलमध्ये सरळ ॲसिड ओतले जाते. हायड्रोमीटर समाधानकारक आकडा दाखवितो, पण प्लेटांवरील सल्फेट जागेवरच राहते आणि तीव्र आम्ल प्लेटा खाऊ लागते. वर्षअखेरीस ताळेबंद सजविण्यासारखाच हा प्रकार होय. ॲसिड सांडून गेले असेल तेवढीच त्याची भरपाई जाणकाराने करावी. एरवी बॅटरीतून उडते ते केवळ पाणी.

बॅटरीत टाकावयाच्या चमत्कारी पुड्यांचा इतिहास तर विलक्षण आहे. अमेरिकेत 'ए.डी.-एक्स-२' नावाची अशी एक पूड विकली जात असे. तिच्यात मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम यांची सल्फेटे होती. तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने पूड घातलेल्या आणि न घातलेल्या बॅटऱ्या तुलनेने तपासून तिच्यात गुण नसल्याचा निर्वाळा दिला. उत्पादकाच्या तक्रारींनंतर १९५३ च्या मार्चमध्ये संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांनाच वाणिज्यमंत्र्यांनी पदावरून दूर केले. शास्त्रज्ञांत मोठा क्षोभ उसळला आणि ॲस्टिन यांची पुनर्नियुक्ती करावी लागली. त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही संस्थेच्या निष्कर्षांस पुष्टी दिली. पूड टाकल्यावर बॅटरी चार्ज करण्याची सूचना असे. सुधारणा दिसे ती त्या चार्जिंगची. आजही एप्सम सॉल्टचे श्रेय बहुधा चार्जरलाच द्यावयास हवे.

खर्चाची तरतूद

नवी बॅटरी घेणे अपरिहार्य ठरले, तर सावकाराकडे किंवा दुकानाच्या उधारीकडे वळण्यापूर्वी शेतकरी ग्राहकाने आपली किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा पाहावी. २०१२ च्या सुधारित योजनेत पीकखर्चावर आधारित मर्यादेच्या २० टक्क्यांपर्यंतची रक्कम शेतीच्या साधनांची दुरुस्ती व देखभाल यांसाठी धरण्याची सोय आहे. अनेक कार्डधारकांस ही बाब ठाऊक नसते; शाखेतील सहकाऱ्यांनी नूतनीकरणाच्या वेळी ती आवर्जून सांगावी. चार्जिंगचे छोटे दुकान काढू इच्छिणाऱ्या कारागिरास २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेतील ५०,००० रुपयांपर्यंतचे 'शिशु' कर्ज उपयोगी पडते.

मृत ठरलेली बॅटरी भंगारवाल्यास देऊ नये, कारण उघड्या भट्टीत वितळविलेल्या शिशाचा धूर मुलांच्या मेंदूस अपाय करतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि विक्रेते नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे मोल वजा करून देतात. आतील ॲसिड ओतून टाकून बॅटरी हलकी करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ते ॲसिड गोठ्याशेजारच्या नाल्यात जाते.

जी बॅटरी परीक्षेत टिकली, तिच्यासाठी मळणीनंतरचा कार्यक्रम थोडका आहे. ट्रॅक्टर शेडमध्ये लावताना बॅटरी पूर्ण भरावी, ऋण टर्मिनल सोडून ठेवावे, शक्य तर बॅटरी घरातील थंड कोपऱ्यात न्यावी आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावावी. सहा सेलची वाचने तारखेसह एका वहीत उतरवावीत. पुढच्या जूनमध्ये कोणता सेल मागे पडत आहे, हे त्या वहीवरून पावसाच्या पंधरा दिवस आधीच कळते, आणि तेव्हा दुकानात गर्दीही नसते.